खरेदीसाहेबांची दाढ

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खरेदीसाहेबांच्या गालात कापसाचा बोळा कोंबला आणि तीन गोष्टींवर बंदी घातली. संध्याकाळपर्यंत बोलायचे नाही, हसायचे नाही आणि गरम काही प्यायचे नाही. घरी जाऊन झोपा, असेही त्या म्हणाल्या होत्या. पण तो सोमवार होता, आणि सोमवारी पुरवठादार भेटायला येत. खरेदीसाहेब एका गालात बोळा धरून तसेच कारखान्यात गेले.

आता मोटारींच्या कारखान्यात खरेदी खाते नेमक्या याच तीन गोष्टींवर चालते. सुटे भाग बनवून देणाऱ्या माणसाशी बोलायचे, त्याच्या विनोदाला हसायचे आणि त्याच्याबरोबर चहा प्यायचा. बाकीचे सगळे कॉम्प्युटर करतो. खरेदीसाहेब हे काम नऊ वर्षे चोख करत आले होते, कारण चुकले तर काय होते ते त्यांना रोज सकाळी दिसे. त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळात एकदा माल न आल्यामुळे गाड्या जोडायची लाईन चाळीस मिनिटे थांबली होती. तेव्हापासून ते गृहस्थ मागच्या गेटजवळ भंगार विभागात गंजके पत्रे तोलत बसलेले असत. खरेदीसाहेब गाडी लावताना त्यांना लांबूनच नमस्कार करत आणि लगबगीने आत शिरत.

त्या दिवशी सर्वांत आधी आले ते गॅस्केटवाले काका. इंजिनाच्या दोन भागांमध्ये जी रबराची पातळ चकती बसते आणि तेल बाहेर गळू देत नाही, ती काका तीस वर्षे या कारखान्याला पुरवत होते. सगळ्या पुरवठादारांत त्यांचीच कंपनी जुनी. खरेदीसाहेब नवीन असताना चकतीची जाडी कशी मोजायची हे त्यांना काकांनीच शिकवले होते, आणि एकदा त्यांनी चुकून पास केलेला सदोष माल काकांनी गुपचूप परत नेऊन त्यांची अब्रूही वाचवली होती. त्यामुळे ऑफिसात, चारचौघांत काका त्यांना 'साहेब' म्हणत आणि एकांतात 'अरे गाढवा'.

"काय साहेब, रबर महागलं, लोखंड महागलं, आता स्वस्त उरलोय तो फक्त मी," काका खुर्चीत बसत म्हणाले. हा विनोद ते दर सोमवारी करत आणि खरेदीसाहेब दर सोमवारी हसत. आज खरेदीसाहेब ढिम्म हलले नाहीत.

काकांनी जरा वाट पाहिली. मग फाईल पुढे सरकवली. "पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक बघायचं होतं."

खरेदीसाहेबांनी फाईल न उघडताच बाजूला ठेवली, कारण खाली वाकले की ठणका लागत होता. चहा आला. त्यांनी हाताने नको म्हटले. काकांनी आपला कप उचलला, साहेबांच्या रिकाम्या हाताकडे पाहिले आणि तो परत बशीत ठेवला.

एवढ्यात खरेदीसाहेबांचा फोन वाजला. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा होता. ताईसमोर गप्प बसणे त्यांना लहानपणापासून कधी जमले नव्हते. ते उठून पार्टिशनच्या मागे गेले आणि बोळा जिभेने एका बाजूला सारून बोलू लागले. पार्टिशन पातळ होते आणि काकांचे कान वयाच्या मानाने फार तिखट होते.

"हो ताई, काढून टाकली. आज सकाळीच... मुळासकट... जुनी झाली होती गं, दोन वर्षं नुसता ताप. कितीदा वाटायचं सांभाळून घ्यावं, पण कुठवर सांभाळणार? छे, वाईट कसलं वाटायचंय, सुटलो एकदाचा. शेजारचीही आतून पोखरलीय म्हणे. तिचा नंबर पुढच्या महिन्यात."

आता योगायोग असा की हिशेब खात्याच्या प्रमुख बाईंनाही अख्खा कारखाना ताईच म्हणत असे. खरेदीसाहेब परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि चहावर साय धरली होती. म्हातारा माणूस, लागली असेल घाई, असे म्हणून त्यांनी गालावर बर्फ धरला.

मंगळवारी सकाळी स्टोअरच्या बाईंचा फोन आला. "साहेब, गॅस्केटचा टेम्पो अर्धाच भरून आलाय. आणि इंजिनाच्या स्प्रिंगवाल्यांचा तर आलेलाच नाही."

"अर्धा म्हणजे?"

"अर्धा म्हणजे अर्धा. आहे तो माल गुरुवारी दुपारपर्यंत पुरेल. पुढचं तुम्ही बघा."

खरेदीसाहेबांच्या डोळ्यांसमोर गंजके पत्रे उभे राहिले. त्यांनी ताबडतोब काकांना फोन लावला. गाल अजून सुजलेला होता, पण शब्द फुटत होते. "काका, माल अर्धाच का पाठवलात?"

"आपल्याला लागेल तेवढा पाठवला," काका म्हणाले.

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"आपणांस. आपण जे केलंत ते विचार करूनच केलं असणार. आमची काही तक्रार नाही. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहोत." आणि त्यांनी फोन ठेवला.

खरेदीसाहेब हातातल्या फोनकडे बघतच राहिले. नऊ वर्षांत काकांनी त्यांना कधी 'आपण' म्हटले नव्हते. आपण म्हटल्यावर माणूस किती लांब जातो हे त्यांना त्या दिवशी कळले. स्प्रिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आमचा नंबर पुढच्या महिन्यात आहे ना साहेब? मग आता कशाला उगाच?" त्याचा कारखाना काकांच्या अगदी शेजारी, भिंतीला भिंत लागून होता, हे खरेदीसाहेबांच्या त्या क्षणी ध्यानात आले नाही. त्यांना वाटले की उन्हाने दोघांचेही डोके फिरले आहे.

बुधवारी सकाळी दारात फिल्टरवाला उभा. इंजिनाचे तेल गाळायच्या जाळ्या बनवणारा हा माणूस एरवी बोलावल्याशिवाय यायचा नाही. आज तो बगलेत एक चकचकीत डबा घेऊन आला होता.

"साहेब, आम्ही बॅटरीचे डबेपण बनवतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"कालपासून." त्याने दार ओढून घेतले आणि आवाज खाली आणला. "साहेब, मला खरं सांगा. विजेवर जाणार ना?"

"कोण?"

"आपली गाडी. पेट्रोलचं इंजिन बंदच होणार ना?"

खरेदीसाहेबांना हसू फुटले आणि त्याबरोबर अशी कळ आली की त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. फिल्टरवाल्याने गंभीरपणे मान हलवली. "समजलो. बोलू नका. तुमच्या तोंडावर बंधन असणार."

"अहो, तसं काही नाहीये. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कुणी सांगायला कशाला हवं? साधा हिशेब आहे. आधी गॅस्केट काढली, मग स्प्रिंगचा नंबर. विजेच्या गाडीला या दोन्ही लागत नाहीत. मग आमच्या जाळ्या तरी कशाला लागतील? इंजिनाचं सामान बनवणारे सगळे हादरलेत. दोघांनी कालपासून कच्चा माल घेणं बंद केलंय, एक तर तुमच्या स्पर्धकांच्या दारात जाऊन बसलाय. खूश काय तो भोंगेवाला. म्हणतो, गाडी कशावरही चालू दे, भोंगा लागणारच."

"पण गॅस्केट काढली हे कुणी सांगितलं?" खरेदीसाहेब जवळजवळ ओरडले.

"तुम्हीच तर सांगत होतात ताईंना. काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जुनी झाली होती, नुसता ताप होता, मुळासकट काढून टाकली."

खरेदीसाहेबांनी आपले फोनवरचे बोलणे मनातल्या मनात पुन्हा आठवून पाहिले. त्या सबंध बोलण्यात दाढ हा शब्द एकदासुद्धा आला नव्हता. कंपनीसुद्धा जुनी होते, कंपनीसुद्धा आतून पोखरते आणि कंपनीलासुद्धा मुळासकट काढून टाकता येते. मराठी भाषेने एवढी सोय करून ठेवली आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हते.

फिल्टरवाल्याला कसेबसे वाटेला लावून ते काकांकडे निघणार, तोच कॉम्प्युटरवर बाजाराची साप्ताहिक पत्रिका येऊन पडली. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता: 'इंजिनाच्या सुट्या भागांचे पुरवठादार झपाट्याने विजेकडे. बाजाराचा कल स्पष्ट.' खाली विश्वसनीय सूत्रे होती. त्याखाली एक आलेख होता आणि त्यातला लाल बाण सोमवारी दुपारपासून सरळ वर चढत गेला होता. खरेदीसाहेबांनी तो आलेख दोनदा पाहिला. आयुष्यात त्यांच्या कामाचा कुणी आलेख काढला नव्हता, आणि निघाला तो दाढेचा.

फोन वाजला. मोठ्या साहेबांनी बोलावले होते, ताबडतोब.

मोठे साहेब कारखान्याचे सर्वेसर्वा. त्यांच्या टेबलावर तीच पत्रिका उघडी पडलेली होती. "दार लावा," ते म्हणाले.

खरेदीसाहेबांनी दार लावले आणि जिना चढताना पाठ केलेले वाक्य धडाधड म्हणून टाकले. "साहेब, यात काडीचंही तथ्य नाही, सगळा गैरसमज आहे, संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांना..."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मोठ्या साहेबांनी मध्येच विचारले.

"काय, साहेब?"

"पेट्रोलची गाडी बंद होणार हे. ही गोष्ट या कारखान्यात फक्त तिघांना माहीत होती. पुढच्या महिन्यात जाहीर करणार होतो. दोन वर्षं आम्ही बायकांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही, आणि तुम्ही सोमवारी चहाच्या वेळेला फोनवरून सांगून मोकळे झालात. तारखेसकट."

खरेदीसाहेबांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे हे खरं आहे?"

"मला काय विचारता? तुम्हीच फोडलंत."

"साहेब, मला कुणीच काही सांगितलं नाही. ती माझी दाढ होती."

"काय होती?"

सांगून पटण्यासारखे नव्हतेच. खरेदीसाहेबांनी सरळ आ वासला. मोठे साहेब उठले, मोबाईलचा दिवा लावला आणि जवळ आले. "अजून थोडं उघडा. जीभ खाली घ्या." मग त्यांनी दिवा बंद केला आणि खुर्चीत जाऊन बसले.

"खरंच नाहीये की हो," ते पुटपुटले.

मग पत्रिका मिटून मोठे साहेब म्हणाले, "हे बघा. नवी गाडी बाहेर येईपर्यंत जुनी निघत राहिली पाहिजे. उद्या लाईन थांबली तर तुम्ही कुठे जाल ते सांगायला नको."

"भंगारात," खरेदीसाहेब म्हणाले.

"आणि आत्ता मी जे बोललो त्यातला एक शब्द जरी बाहेर फुटला..."

"तरी भंगारात."

"बरोबर. म्हणून आता जा आणि सगळ्यांना सांगा, की विजेबिजेचं काही नाही, माझी दाढ काढली होती."

"पण साहेब, दाढच काढली होती."

"हां, अगदी अस्संच सांगायचं. चेहऱ्यावर एवढाच भोळेपणा ठेवा. कुणाला संशयसुद्धा येणार नाही."

काकांच्या कारखान्यात दुपारी गरम रबराचा वास भरून राहिलेला असे. आज अर्ध्या मशिनी बंद होत्या, त्यामुळे वास कमी होता आणि खरेदीसाहेबांना तेवढ्यानेही गलबलून आले. काका टेबलाशी बसून एका नव्या मशीनचे माहितीपत्रक वाचत होते. साहेबांना बघून ते उभे राहिले. "या. बसावं आपण."

"काका, आपणबिपण पुरे झालं," खरेदीसाहेब म्हणाले आणि दुसऱ्यांदा आ वासला. "ताई म्हणजे माझी बहीण. आणि काढली ती ही."

काकांनी चष्मा लावून आत पाहिले. मग खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि त्यातले सगळेच हसण्याचे नव्हते. "अरे गाढवा," ते म्हणाले. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही रे. तीस वर्षांचं काम, आणि तू चहाला नाही म्हणालास. दाढ म्हणायला काय झालं होतं?"

"ताईने आधीच विचारलं होतं, काढलीस का म्हणून."

"बरं, असू दे. उद्या सकाळी पूर्ण टेम्पो येईल. स्प्रिंगवाल्यालाही सांगतो." काकांनी डोळे पुसले आणि माहितीपत्रक उलटे करून फोन हातात घेतला. "आधी ही मशीन रद्द करतो. घाबरून मागवली होती काल, बॅटरीच्या डब्यांना रबराची सील लागते ना, ती बनवायला. या वयात पुन्हा नवीन शिकायचं म्हणजे जिवावर आलं होतं बघ. सुटलो."

ते नंबर लावू लागले. खरेदीसाहेब त्यांच्या बोटांकडे बघत होते. लाईन वाचली होती, खुर्ची वाचली होती आणि जे सांगायला ते आले होते ते सांगून झाले होते. आता फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसायला तर डॉक्टरीणबाईंनीही सांगितले होते.

"काका," ते म्हणाले. "मशीन रद्द करू नका."

काकांचे बोट थांबले. "का? दाढच होती ना?"

"दाढच होती."

"मग?"

"दाढच होती काका, शपथेवर सांगतो. मशीन रद्द करू नका."

काकांनी त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिले, घामेजलेल्या कपाळाकडे पाहिले आणि त्यांना पुढे काहीही विचारले नाही. त्यांनी माहितीपत्रक सरळ केले, त्याच्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि दुसराच नंबर लावला.

"अरे, मी बोलतोय, शेजारून," ते स्प्रिंगवाल्याला म्हणाले. "साहेब इथेच बसलेत. साधी दाढ होती म्हणे, मी आत बघितलंसुद्धा. हो, विजेबिजेचं काही नाही. उद्या माल पाठव... आणि तू कालपासून ते दुसरं काम शोधत होतास ना, ते चालू ठेव. का ते विचारू नकोस. त्यांच्या तोंडाला त्रास होतो."