दिवंगत की रोगट

मेहुण्याच्या अंत्यविधीची सूचना आपणच लिहायची असं विल्फ्रेड ओग्डनने ठरवलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. यॉर्कशरमधल्या त्या गिरणीगावात असली सूचना पाद्रीबाबा आनंदाने लिहून देत. पण विल्फ्रेड पडला वाचनालयातला कारकून. (तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले होते, आत डोकावायची वेळ फारशी आली नव्हती.)

सिरिल हा विल्फ्रेडच्या बायकोचा, हिल्डाचा, एकुलता एक भाऊ. गावच्या बँडात कॉर्नेट हे फुंकवाद्य वाजवायचा. एका सकाळी झोपेतच गेला. बँड वाजवून त्याला निरोप द्यावा, एवढंच हिल्डाचं मागणं होतं.

विल्फ्रेडने वळणदार अक्षरात सूचना लिहून चर्चच्या आणि गिरणीच्या दारावर डकवली.

गुरुवारी चर्चमध्ये चौघे हजर होते : पाद्रीबाबा, हिल्डा, विल्फ्रेड आणि पेटीत सिरिल. हिल्डाने साठ माणसांचे सँडविच केले होते.

विल्फ्रेड बाहेर आला. रस्त्यापलीकडे बँडमास्तर एन्टविसल नाकाला रुमाल लावून उभे.

"मास्तर, आत या ना."

"इथूनच श्रद्धांजली. त्याला झालं काय होतं रे?"

"हृदय बंद पडलं."

"मग त्यात पसरण्यासारखं काय?"

"पसरण्यासारखं?"

"तूच लिहिलंयस की. आमचा रोगट सिरिल गुरुवारी येतोय, सर्वांनी जवळून दर्शन घ्यावं. लोकांचं एक सोड, आम्हाला छाती भरून श्वास घ्यावा लागतो, बाबा."

इंग्रजीत दिवंगताला डिसीस्ड म्हणतात आणि रोगटाला डिझीझ्ड. विल्फ्रेडने दुसरा शब्द लिहिला होता. (तोही ठळक.)

मागे दारात हिल्डा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, पेटीवर हात ठेवला आणि भावाची आवडती धून एकटीच गुणगुणू लागली. सूर लागत नव्हता. विल्फ्रेडने साथ द्यायला तोंड उघडलं. तिने नुसतं पाहिलं, त्याने मिटलं.

घरी दोघं सँडविचच्या ढिगापुढे बसली.

"हिल्डा, उद्या दारोदार जाऊन खरं काय ते सांगतो."

"नको. माझं एक ऐक. मी मेले की पाद्रीबाबांना बोलाव."

"लिहून कळवू?"

"लिहू नकोस."

"बरं, तोंडी सांगतो."

हिल्डाने जरा विचार केला.

"बोलूही नकोस. नुसतं माझ्याकडे बोट दाखव."