चार सोंगट्यांची सवलत

“या रविवारी चाराच्या तीन करणार!” ठाकुर्लीचे बाळ टिपणीस सकाळी गरजले. ही गर्जना त्यांच्या पत्नी हेमाताई दोन वर्षं ऐकत होत्या.

गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढायचा खेळ. टेंभी नाक्याचा मुकुल दर रविवारी शिकवायला यायचा आणि टिपणीसकाकांना सुरुवातीलाच चार सोंगट्यांची सवलत द्यायचा. एकदा जिंकलं की सवलत तीनवर. पण घोडं चारावरच अडलेलं! कारण एकच: काकांना काही सोडवत नसे. एक अडकलेली सोंगटी वाचवायला आणखी चार घालवायचे. गेल्या वर्षीचं कॅलेंडरही न फेकणारा माणूस!

त्या रविवारी कोपऱ्यात बारा सोंगट्या अडकल्या. काकांचा हात तिकडे गेला आणि थांबला.

“जा बाबांनो,” ते पुटपुटले आणि त्यांनी मधली मोकळी जागा धरली.

तासाभराने मोजदाद झाली. मुकुल तीन घरांनी हरला!

काकांचे डोळे भरून आले. मुकुल घरी गेला आणि सोसायटीत पेढे वाटले गेले. काका माजी सेक्रेटरी, त्यामुळे खालच्या फळ्यावर रीतसर खडूही चालला. ‘सूचना १: श्री. टिपणीस यांची सवलत आजपासून तीन.’

मेहुणीला पटाचा फोटो पाठवायला त्यांनी हेमाताईंचा मोबाईल उचलला. त्यात मुकुलला सकाळी पाठवलेला मेसेज! ‘आज काकांना जिंकू दे रे. फार मनाला लावून घेतात.’

“हेमा, हे काय?”

“अहो, तुमचा रविवारचा चेहरा बघवत नव्हता मला.”

काकांना फार वाईट वाटलं. ते जिना उतरले. ‘सूचना २: सूचना १ रद्द समजावी. विजय खरा नव्हता.’ मग पाचही मजल्यांवर दारोदार माफी मागितली.

“अहो, पण माझ्या तोंडात आहे पेढा! आता काय करू?” मंजुळाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात मुकुलचा फोन आला. “काका, काकूंचा मेसेज आत्ता घरी येऊन बघितला! रविवारी सकाळपासून मोबाईल बॅगेत असतो माझा, सायलेंटवर. मी पूर्ण जोर लावून खेळलेलो!”

“शप्पथ? मी खाली फळ्यावर ‘विजय खरा नव्हता’ लिहून आलो रे!”

“शप्पथ! आता फळ्याचं जाऊ दे ना, काका.”

बारा सोंगट्या सोडल्या, पण फळा काही सोडवेना. ‘सूचना ३: सूचना २ रद्द. विजय खराच होता.’

संध्याकाळी त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग पेढे परत वाटणार का?’

आणि त्याच्याही खाली, हेमाताईंच्या अक्षरात, ‘हो. या खेपेला मी वाटणार.’