महाराणी आणि गोल मूठ

क्रीम बनवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीत सगळे तिला पाठीमागे 'महाराणी' म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. कारण एकच, ती कधी दार उघडत नसे. दारापाशी येऊन फोनमध्ये डोकं घालून उभी राहायची आणि मागून येणाऱ्याने दार उघडलं की गोड हसून त्याच्या आधी आत शिरायची. खरी गोष्ट अशी की ऐन सव्विशीत तिच्या बोटांना संधिवाताने धरलं होतं. सकाळी मूठ वळता वळत नसे, आणि काही पिरगाळायचं म्हटलं की मनगटातून जीव जाईल अशी कळ येई. पण सांगायची सोय नव्हती. आधीच्या नोकरीत सांगितलं, तर तिथल्या लोकांनी अतिशय प्रेमाने तिला कायमची विश्रांती देऊन टाकली होती. त्यापेक्षा महाराणी परवडली.

त्यात गेल्याच आठवड्यात साहेबांना हौस आली. दाबून उघडायची चांगली हँडलं काढून त्यांनी प्रत्येक दाराला गोल, गुळगुळीत पितळी मुठी बसवल्या.

"कशा वाटतात?" त्यांनी नेमकं तिलाच विचारलं.

"झकास!" ती म्हणाली, आणि मनातल्या मनात त्यांचा यथेच्छ उद्धार केला.

आज तिचा निकाल होता. "काम चोख आहे तुमचं," साहेब म्हणाले होते, "पण वागणं जरा आखडू वाटतं. आजची मीटिंग बघतो, मग कायम करायचं का ते ठरवू." सकाळी आईने तिच्या शर्टाची बटणं लावली, गळ्यात सुती स्कार्फ बांधून दिला आणि म्हणाली, "सांगून टाक गं एकदाचं." "आई, आज नको," म्हणत ती बाहेर पडली.

मीटिंगला दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या खरेदीवाल्या बाई आल्या होत्या, सोबत त्यांचे दोन सहकारी. साहेबांनी दार लावून घेतलं आणि नव्या क्रीमची बाटली उचलली. "पुसून जात नाही, धुऊन जात नाही. दिवसभर हात लोण्यासारखे!" असं म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर भरभरून क्रीम ओतलं आणि स्वतःही कोपरापर्यंत चोपडलं.

"तुम्ही नाही लावत?" त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"मी नंतर लावते, सर." सुजलेली बोटं चोळायची आज तिची हिंमत नव्हती. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. संपली नोकरी, असं तिला वाटलं.

बाई घड्याळ बघत उठल्या. "विचार करून कळवते. मला विमान गाठायचंय."

साहेब लगबगीने दाराकडे गेले आणि त्यांनी मूठ फिरवली. म्हणजे त्यांचा हात फिरला, मूठ जागच्या जागी राहिली. त्यांनी दोन्ही हात लावले, रुमाल लावला, शर्टाचं टोक लावलं. प्रत्येक प्रयत्नाबरोबर मूठ आणखी तुळतुळीत होत गेली. मग एका सहकाऱ्याने जोर लावला आणि तो थेट खुर्चीत जाऊन बसला.

"अगं, बाहेरून उघड!" साहेब ओरडले.

"मी पण लावलंय, सर!" बाहेरून रिसेप्शनवरच्या मुलीचा रडवेला आवाज आला. "सकाळी तुम्हीच वाटलंत ना सगळ्यांना! मिस्त्रीला फोन केलाय. तासाभरात येतो म्हणाला."

"तासाभरात माझं विमान उडेल!" बाई कडाडल्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने एकदा मुठीकडे पाहिलं. असलीच एक मूठ तिच्या बाथरूमच्या दाराला होती, आणि तिच्याशी ती रोज सकाळी झुंजत होती.

"सरका जरा," ती म्हणाली.

तिने गळ्यातला स्कार्फ काढला, भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तसा तळव्यांनी मुठीभोवती करकचून गुंडाळला, उरलेलं टोक कोपराच्या बेचक्यात धरलं आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकला. खट्! तिने खांद्याने दार ढकललं, तशी पलीकडे कान लावून उभी असलेली रिसेप्शनवरची मुलगी कोलमडली.

"हे कुठे शिकलात?" साहेब थक्क झाले.

आता काय व्हायचं ते होवो. "मला संधिवात आहे, सर. बोटांनी दार उघडत नाही माझ्याच्याने."

"पण तो म्हाताऱ्या माणसांना होतो ना?"

"मलाही तसंच वाटायचं. त्याला कुणी सांगितलं नसावं."

खरेदीवाल्या बाई अजून आपले हात साडीला पुसत होत्या. अचानक त्या हसायला लागल्या. "अहो, एवढं पुसलं तरी निघत नाहीये! याहून वेगळा पुरावा काय हवा? ऑर्डर पक्की. मात्र पुढची सगळी बोलणी मी या बाईंशीच करणार."

साहेबांनी भारावून हात पुढे केला. "कायम झालात तुम्ही!"

"हात नको, सर. माझा दुखतोय आणि तुमचा निसटतोय." तिने कोपर पुढे केलं. साहेबांनी निमूटपणे कोपराला कोपर लावलं. तिला इतका आनंद झाला की बोटं दुखतायत हेही ती क्षणभर विसरली.

जुनी हँडलं परत बसेपर्यंत थोडे दिवस गेले. तोवर रोज सकाळी साहेब आपल्या केबिनच्या दारापाशी फोनमध्ये डोकं घालून उभे असत. हातांवरचं क्रीम काही उतरलं नव्हतं. मग ती स्कार्फ सोडत यायची, दार उघडायची आणि अदबीने म्हणायची,

"या, महाराज."