आप्पांचा जकात नाका

आमच्या साडी मिलच्या ऑफिसात कोणी फ्लॉपी घेऊन आलं, की आप्पा त्याला पाणीसुद्धा विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून पहिला प्रश्न, "कथाईन उनी?" म्हणजे, कुठून आली? माणूस नव्हे हो, फ्लॉपी!

आप्पा मूळचे अमळनेरकडचे, राहायला मिलजवळच्या डिंडोलीत, आणि कामाला आमचे कॉम्प्युटर सांभाळायला. कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी बाकीच्यांपासून तोडून ठेवला होता. त्याचं नाव जकात नाका. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल आधी तिथे तपासायची.

"ताई, वरून साधा कागद दिसतो, पण आत व्हायरस दडलेला असतो. एकदा उघडला, की आपल्या सगळ्या फाइलींत घुसला म्हणून समजा."

व्हायरस सापडला, की फ्लॉपीचे कात्रीने दोन तुकडे. दयामाया नाही.

एकदा खुद्द शेठ फ्लॉपी घेऊन आले. "अरे आप्पा, आ तो मारी छे!" म्हणजे, ही तर माझी आहे!

"म्हणून तर, शेठ," म्हणत आप्पांनी ती तपासली, आणि शेठच्या मेव्हण्याची लग्नपत्रिका कापली गेली. शेठ कितीतरी दिवस फुगून होते. आप्पांना त्याचं काहीच नाही!

मग कॅनडाहून कोणाच्या तरी हाती आप्पांच्या मुलाची फ्लॉपी आली. वर्डची फाइल, आत नातीचा फोटो. नात चालायला लागली तरी आप्पांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. काकू गेल्यापासून घरात एकटेच. फ्लॉपी नाक्यावर गेली आणि मेला व्हायरस निघाला. काही केल्या साफ होईना.

आप्पांनी कात्री उचलली. मला राहवलं नाही. "आप्पा, कापू नका हो!"

"गप बसा, ताई." कात्री हातातच ठेवून त्यांनी नाक्यावरच ती फाइल उघडली. व्हायरस खुशाल आत शिरला असणार. पडद्यावर दोन दात दाखवत हसणारी पोरगी आली. आप्पा बघतच राहिले.

नियमाने तो कॉम्प्युटर लगेच पुसून कोरा करायला हवा होता. आप्पांनी शेठना सांगून टाकलं, "नाका बंद आहे. सध्या कोणी फ्लॉपी आणू नका."

दुपारी ते डबा घेऊन त्या पडद्यासमोर बसले. भाकरी मोडत हळूच म्हणाले, "आज भरीत शे, बेटा."

मी माझा डबा उचलला आणि खुर्ची ओढली.

"थोडं सरका, आप्पा. मलाही बघू द्या."