गंजीभोवतीची बाई

वजन कमी करणं म्हणजे काय हो, माझ्या डाव्या हातचा मळ! निदान मी तरी असंच समजत होते. लेकीच्या चाळिसाव्या दिवसाच्या समारंभाला लग्नातली हिरवी मखमली बंडी अंगात चढवली नाही, तर नावाची मैरम नाही, असं मी आरशासमोर उभं राहून स्वतःला ठणकावून सांगितलं. तसा बाळंतिणीने आरसा बघायचा नसतो. पण बाळंतिणीने जे जे करायचं नसतं, ते पुढे मी सगळंच केलं.

कारण काय, तर आमचा मक्सत. नवरा माझा. रशियात ट्रक चालवतो. लेक झाल्यावर त्याने व्हिडिओवर फोन केला, बाळाला बघून डोळे पुसले, मग मला म्हणाला, "मैरम, जरा मागे सरक ना. पूर्ण दिसत नाहीयेस."

मी मागे सरकले.

"अजून थोडी!" म्हणाला मेला. तोवर माझी पाठ भिंतीला टेकली होती.

त्याच दिवशी मी शपथ घेतली. पण मध्ये एक डोंगर उभा होता, आमच्या एने. एने म्हणजे सासूबाई. सासूचं नाव सुनेने तोंडातून काढायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा एनेच म्हणायचं. लेक झाली त्याच दिवशी एनेंनी माझ्यासाठी मेंढा कापला. तो बाळंतिणीने खायचा, शेपटीच्या चरबीसकट, अंगात ताकद येते म्हणून. सकाळ झाली की रश्शाचा वाडगा, दुपारी वाडगा, दिवस कलला की आणखी एक. वर चरबीची साय अशी दाट, की माशी बसली तरी बुडायची नाही.

"एने, आत्ताच तर प्यायले!"

"ते दुधासाठी होतं. हे हाडांसाठी आहे."

"आणि संध्याकाळचं?"

एनेंनी खिडकीकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "ते तिच्यासाठी. बाळंतीण भरल्या अंगाची दिसली की ती जवळ येत नाही."

ती म्हणजे अल्बर्स्ती. मोकळ्या पिवळ्या केसांची बाई. बाळंतिणीची फुप्फुसं काढून नदीवर नेते, आणि ती पाण्यात बुडवली की बाळंतीण संपली! म्हणून माझ्या उशीखाली सुरी, घरभर जाळलेल्या आर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या सुगंधी झुडपाच्या, फांद्यांचा धूर, आणि नियमांचा हा एवढा मारा. मोकळे केस ठेवायचे नाहीत. दिवस कलल्यावर उंबरा ओलांडायचा नाही. मी राजधानीत, बिश्केकला शिकून आलेली, मला हसूच यायचं. केससुद्धा तिकडेच पिवळे रंगवून घेतले होते. एनेंनी ते बघून तेव्हाच कपाळावर हात मारला होता.

तर माझी युक्ती अशी. रस्सा मागच्या खिडकीतून बाहेर ओतायचा. आणि संध्याकाळी एने गाईची धार काढायला गेल्या, की त्याच खिडकीतून आपण बाहेर. खिडकीलगतच गवताची गंजी. तिच्याभोवती धावायचं, बाळ रडलं तर लगेच ऐकू येईल. घाम लवकर यावा म्हणून मी भाजीच्या वाफ्यावरचं पांढरं प्लास्टिक अंगाला गुंडाळून घेतलं. केसांची वेणी घालायला वेळ कुठे? तशीच मोकळी पळत सुटायची.

त्या दिवसांत नदीवरून धुकं यायचं. असं दाट, की गंजी दिसायची आणि पलीकडचा गोठा नाही. पहिल्या दिवशी धावले, दुसऱ्या दिवशी धावले, झकास वाटलं! मग एकदा धावता धावता मला मागून पावलं ऐकू आली. मी थांबले. पावलं थांबली, पण माझ्यानंतर. एक पाऊल जास्तीचं पडलं.

"कोण आहे?"

काही नाही. फक्त श्वासाचा आवाज. माझाच असणार, मी भात्यासारखी धापा टाकत होते. मी मनाला समजावलं की धुक्यात आवाज घुमतो. तरी त्या दिवशी मी खिडकीतून आत पडले ती पाठीमागे न बघता. लेक जागी होती, आयदाय माझी. पाळण्यात पडल्या पडल्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि छान हसत होती. मी वळून खिडकी लावून घेतली.

इकडे एनेंनी माझा चेहरा उजेडात धरला. "पोरी, गाल बघ तुझे! डोळे खोल गेलेत!"

"खरंच?" मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. गाल बसले!

"फुप्फुसं हलकी व्हायला लागली," एने पुटपुटल्या आणि वाडगा सोडून पातेलंच घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची सोनुन धावत आली. दार वाजवायचं भानही नव्हतं तिला.

"काकू! मी बघितली! तुमच्या गंजीपाशी! पांढरी, सळसळत होती, केस पिवळे! आणि काय धापा टाकत होती, जशी पोटभर जेवून उठलेली!"

मला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं. एनेंनी शांतपणे सोनुनला घेऊन घराला फेरी मारली आणि मागच्या खिडकीखाली थबकल्या. तिथे माझ्या रश्शाचा गोठून पांढरा ढीग झाला होता.

"ही बघ," एने म्हणाल्या, "इथेच ओकलीय."

"अगंबाई!" सोनुन मटकन खाली बसली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगणार काय? सहा पातेली रस्सा खिडकीबाहेर ओतला? मेंढा वाया घालवला? तान्ह्या पोरीला सोडून धुक्यात पळत होते? आणि एने आत येऊन जे बोलल्या, त्याने तर माझं काळीजच हललं.

"आता आणखी एक खूण दिसू दे. मी आयदायला घेऊन खिंडीपलीकडे माझ्या बहिणीकडे निघाले. बर्फ वितळेपर्यंत तिकडेच राहीन."

"एने! ती अंगावर पिते हो!"

"शेळीच्या दुधावर वाढेल. पण जगेल तरी. तुला ती सोडत नाही असं दिसलं तर पोरीला तरी वाचवीन मी." बोलता बोलता एनेंचे डोळे भरून आले. चिडायचीसुद्धा सोय राहिली नाही. बाई मनापासून घाबरली होती.

झालं, खेळ खलास! मी कानाला खडा लावला. धावणं बंद. फक्त एक काम उरलं होतं. ते प्लास्टिक मी गंजीत खुपसून ठेवलं होतं, ते कुणाच्या हाती लागायच्या आत चुलीत घालायचं. संध्याकाळी एने धारेला गेल्या तशी मी खिडकीतून उतरले. नुकतंच दह्याने न्हाले होते, केस ओले आणि मोकळे. प्लास्टिक ओढून काढलं, वाऱ्याने ते फडफडून माझ्याच अंगाला चिकटलं. एवढ्यात धुक्यात घोडा खिंकाळला.

"सापडलीस!"

आणि चाबूक कडाडला! मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी घाबरीन म्हणून एने आणि सोनुनने गुपचूप बेकबोलोत आजोबांना बोलावलं होतं. आजोबा म्हणजे या भागातले अल्बर्स्ती हाकलण्यात नावाजलेले. वय झालेलं, दात नाहीत, पण घोड्यावर बसले की कोण ऐकतंय!

"नदीवर जा! परत जा! सोड बाळंतिणीला!"

"आजोबा, मी... मीच बाळंतीण..." पण धावताना बोलता येतं का कधी? चाबूक माझ्या टाचांमागे जमिनीवर फुटत होता. इतक्या दिवसांत धावले नाही अशी त्या दिवशी धावले! गंजीला वळसा घातला, खिडकीत उडी मारली, आणि अडकले. कमरेवर! अर्धी आत, अर्धी बाहेर. इतकी पळापळ करून कंबर मात्र जिथल्या तिथे.

समोर एने उभ्या, धार अर्धी टाकून आलेल्या. पाळण्यात आयदाय शालीत गुंडाळलेली, दाराशी गाठोडं बांधून तयार. एनेंच्या हातात माझ्या उशीखालची सुरी.

"एने, मी आहे, मी! मैरम!" मी ओरडले. "अल्बर्स्ती नाही कुणी! मीच पळत होते बारीक व्हायला! रस्साही मीच ओतला! वाटेल ती शिक्षा करा, पण माझी पोर नका हो नेऊ!"

एने जवळ आल्या. सुरीच्या टोकाने प्लास्टिक उचलून बघितलं. माझे केस हातात घेतले, हुंगले.

"दही," त्या म्हणाल्या. मग डोक्यात अशी एक सणसणीत टपली बसली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "गाढवे! मेंढा ओतलास होय! सोनुनला तर घाम फुटला, अन् मी रात्रंदिवस देवाचं नाव घेत बसले!" आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. मी खिडकीत, त्या आत, दोघी हसतोय, मध्ये आयदाय टकामका बघतेय.

मग एनेंचं हसू थांबलं.

"मैरम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू तर इथे आहेस."

बाहेर चाबूक अजून कडाडत होता. घोड्याच्या टापा गंजीभोवती फिरत होत्या. आणि त्यांच्यापुढे, हलकी, अनवाणी, भरभर पावलं.

एनेंनी माझे दोन्ही हात धरले आणि असं ओढलं, की मी खिडकीच्या चौकटीसकट आत येते की काय! धाडकन खिडकी लावली. टापा नदीकडे गेल्या. मग सगळं शांत झालं.

बऱ्याच वेळाने आजोबा आत आले. घामाने निथळत होते. चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "पाण्यापर्यंत नेली. पण एक कळत नाही. पिवळ्या केसांची म्हणतात ना? पहिल्यांदा मलाही पिवळेच दिसले. नंतर बघतो तर काळेभोर, थेट टाचेपर्यंत."

माझे पिवळे केस जेमतेम खांद्यापर्यंत. एनेंनी दाराशी बांधलेलं गाठोडं उचललं, सोडलं, आणि आयदायला माझ्या मांडीवर ठेवलं.

"खिंडीपलीकडे?" मी भीत भीत विचारलं.

"कुठे जाऊ आता? वाटेत ती आहे," एने म्हणाल्या. "पोर आईजवळच बरी. आणि आई जितकी जाड तितकी बरी. पी."

मी वाडगा तोंडाला लावला. चरबीसकट. मग आपणहून दुसरा मागितला!

आता चाळिसावा उद्यावर आलाय. बंडीचं एक बटण लागेल तर शपथ. सोनुन परवा विचारत होती, संध्याकाळी गंजीपाशी कोण सळसळतं म्हणून. मी म्हटलं, बाई, ते मला विचारू नकोस. जी कोणी पळते तिला पळू दे, हवी तेवढी बारीक होऊ दे. मला काही घाई नाही.