जहाजाच्या बुडाखालचे साळवे काका

बदलापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये काळ्या बुडाची कढई एकाही घरात सापडणार नाही. हे श्रेय साळवे काकांचं. दुपार झाली की ते हातात स्क्रेपर घेऊन दारात उभे राहतात आणि विचारतात, "घासायला काय हाय का?" नाही म्हणायची सोय नाही. माझ्या बायकोने एकदा नाही म्हटलं, तर त्यांनी आमच्या दाराचा रंगच खरवडून ठेवला.

काकांचा जन्म गेला मुंबईच्या गोदीत. जहाज पाणी उपसलेल्या कोरड्या गोदीत उभं राहिलं की त्याच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे, हे त्यांचं काम. त्यामुळे कुठलीही वस्तू ते खालूनच बघतात. सोफा घ्यायला त्यांना उल्हासनगरला नेलं, ही माझीच हौस. दुकानात शिरल्या शिरल्या काका सोफ्याखाली आडवे. सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साईं, सोफे पे बैठते हैं." खालून आवाज आला, "वरून समदेच देखणे असत्यात." सोफा अर्थातच घेतला नाही.

परदेशी शिंपल्यांचा त्यांना भारी राग. जहाजाला चिकटून फुकट येतात, आपल्या खाडीत बस्तान बसवतात आणि इथल्यांना हुसकावून लावतात. "एक जरी सुटला तरी खानदान वसवतो," असं काका म्हणतात. कोपरासुद्धा सोडायचा नाही, हा धडा त्यांनी एकुलत्या एका मुलाकडून, सिद्धार्थकडून, लहानपणीच घोटून घेतला. काकू गेल्यापासून घरात हे दोघंच.

सिद्धार्थही आता तेच काम करतो. फक्त आता जहाज पाण्यातच राहतं आणि माणूस खाली उतरतो. पाठीवर सिलिंडर, भोवती गढूळ पाणी, आणि खरवडलेला शिंपला समुद्रात पडू नये म्हणून सोबत पिशवी. काकांना स्वतःला पोहता येत नाही. जेवायला वर आला की सिद्धार्थ फोन करतो. तो फोन येईपर्यंत काका आमच्या कढया घासतात.

परवा फोन आलाच नाही. चहाची वेळ टळली. तवे झाले, कुकर झाला. मी सिद्धार्थचा नंबर लावून पाहिला, तर बंद.

"पाण्यात कुठे मोबाईल नेणार तो," मी उगाच हसून म्हणालो.

"व्हय," काका म्हणाले आणि त्यांनी आमचं नवंकोरं पातेलं घासायला घेतलं. बायको ते काढून घ्यायला गेली, तर त्यांनी ते सोडलंच नाही. मग मात्र मलाही भीती वाटायला लागली.

दिवेलागणीला फोन वाजला. काकांचे हात ओले, म्हणून मी स्पीकर लावला.

"कुठं होतास रं?"

"खालीच होतो, पप्पा. जहाजाच्या पंख्यामागे एक कोपरा राहिलेला. बाकीचे वर आले, मी सिलिंडर बदलून परत उतरलो. तुम्हीच बोलता ना, सोडायचा नाही."

काकांनी पातेलं खाली ठेवलं. "सोड," ते म्हणाले.

"काय?"

"कोपरा सोड म्हन्तो. बाकीची वर आली की तू बी वर यायचं."

"मुकादम ओरडेल, पप्पा."

"ओरडू दे. साळव्यांनी सांगितलंय म्हनावं."

काका निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली की गोदीत त्यांना ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही. हे सिद्धार्थला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"सांगतो, पप्पा," तो म्हणाला.