नाराज प्रवाळ: कारणे व उपाय

प्राणी सुखी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्राण्याचा नसतो. तो पाळणाऱ्याचा असतो. या तत्त्वावर जगातली पुष्कळ घरं, काही शाळा आणि अमेरिकेतल्या डलूथ शहरातलं खारे पाणी मंडळ उभं आहे.

डलूथकरांच्या दारात समुद्राएवढं गोड्या पाण्याचं तळं आहे. म्हणूनच असेल, इथली शहाणीसुरती माणसं दिवाणखान्यात काचेची टाकी मांडतात, पिशवीतलं मीठ मोजून गाळलेल्या पाण्यात कालवतात आणि घरच्या घरी झालेल्या त्या समुद्रात प्रवाळ पाळतात. (प्रवाळ हा प्राणी आहे. अंगठीतलं पोवळं म्हणजे त्याच्या चुलतभावाचा सांगाडा. मंगळाशी दोघांचंही काही वाकडं नाही.) मंडळाची सभा चर्चच्या तळघरात बटाट्याच्या गोळ्या पसरून भाजलेल्या, हॉटडिश नावाच्या पदार्थावर भरते. मंडळाच्या परिभाषेत प्रवाळाच्या दोनच अवस्था आहेत: उमललेलं प्रवाळ ‘खुश’ आणि मिटलेलं ‘नाराज’. आज त्याला कोणाला भेटायचं नसेल, ही तिसरी अवस्था मंडळाला मान्य नाही. मंडळाच्या पाहणीनुसार नाराज प्रवाळांपैकी शेकडा नव्वद उपचारांनंतर खुश झाली. उपचार न केलेल्यांची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण असं एकही प्रवाळ पाहणीत आढळलं नाही.

अशा या मंडळाचा खजिनदार व्हर्लिन टॉलफसन याचं छत्रीच्या आकाराचं मऊ प्रवाळ नेमकं थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात मिटलं. एरवी त्या छत्रीवर दाट लव डुलत असे. आता ती सगळी आत गेली होती आणि वर मेण चोपडल्यासारखा चकचकीत पापुद्रा धरला होता.

प्रवाळ व्हर्लिनचं नव्हतं, हीच तर खरी भानगड होती. ते त्याच्या मुलीचं, ब्रिटाचं. शाळेत असताना तिने अंगठ्याएवढा तुकडा आणून वाढवला, तो जेवणाच्या ताटाएवढा झाला आणि ब्रिटा कॉलेजला मॅडिसनला निघून गेली. फोनवर ती सगळ्यात आधी विचारायची, “कसं आहे ते?” सुट्टीत आली की अंगातला कोट न काढता आधी टाकीपाशी जायची. यावरून व्हर्लिनने सरळ हिशोब मांडला होता: मुलगी येते ती प्रवाळासाठी. ते गेलं की तीही गेली. वर्षातून नाताळचं एक कार्ड येईल, फार तर दोन.

त्याने मंडळाचा सल्ला मागितला. सल्ले अर्थातच एकमुखी आले नाहीत, पण मनापासून आले. उजेड जास्त आहे, कमी कर. उजेड कमी आहे, वाढव. पाणी फार स्वच्छ आहे. पाणी फार घाण आहे. जागा बदल. जागा बदललीस? अरे देवा, जागा कधी बदलू नये. आयोडीनचे थेंब टाक. अध्यक्ष गॉर्डी माकी तीस वर्षांच्या अनुभवावरून बोलला, “व्हर्लिन, हा स्वभावाचा भाग आहे. याच्याकडे थोडं जास्त लक्ष दे.”

व्हर्लिनने सगळे उपाय केले; परस्परविरोधी होते ते एकाआड एक केले. दिवा खाली-वर झाला, पंप डावीकडून उजवीकडे गेला, नि प्रवाळाने या दगडावरून त्या दगडावर एवढा प्रवास केला की समुद्रात त्याच्या सात पिढ्यांनी केला नसेल. प्रत्येक उपायासाठी व्हर्लिनचा हात कोपरापर्यंत टाकीत जाई. नाराजीच्या संभाव्य कारणांत मंडळाने मिठापासून माशांपर्यंत सगळं धरलं होतं. हात धरला नव्हता.

“अरे, त्या पोरीलाच विचार ना,” त्याची बायको कॉर्लिस सणाच्या गोड पाईसाठी पोळी लाटता लाटता म्हणाली. “तिचं आहे ते.”

“विचारलं तर तिला कळेल.”

“आणि नाही विचारलं तर ती आंधळी होऊन येणार आहे का?”

त्याच संध्याकाळी ब्रिटाचा फोन आला. “मस्त उघडलंय,” व्हर्लिन म्हणाला. तिने फोटो मागितला. त्याने जुन्यातला एक पाठवून दिला.

“बाबा, या फोटोत काचेत मी दिसतेय,” ती म्हणाली. “दातांना तार लावलेली.”

बुधवारी ती सणासाठी घरी आली आणि कोटासकट टाकीपुढे वाकली. व्हर्लिन मागे उभा. शाळेच्या निकालाला सुद्धा तो एवढा घाबरला नव्हता.

“मेलं का गं?”

“कात टाकतंय. वर्षातून दोन-तीनदा टाकतं.”

“एवढे दिवस मिटलेलं मी कधी बघितलं नाही.”

“कारण तेव्हा मी घरात होते आणि तुला टाकीत हात घालू देत नव्हते.” तिने पंप होता तिथे परत लावला.

“आता काय करायचं?”

“काही नाही.”

व्हर्लिन शिस्तीचा माणूस. “काही नाही, ते दिवसातून किती वेळा?”

टाकीची बंदी झाल्यावर त्याच्याकडे बराच वेळ मोकळा राहिला आणि तो त्याने मुलीकडे वळवला. झोप होते का? खोलीत थंडी नाही ना? दिवा डोळ्यांवर येतो का? टर्की कमी घेतलीस का? मैत्रिणी बऱ्या आहेत ना? ब्रिटाने पाचही प्रश्नांना “ठीक” असं एकच उत्तर दिलं, वर गेली आणि दार लावून घेतलं. व्हर्लिन थोड्या वेळाने एक जास्तीचं पांघरूण घेऊन गेला. मग ते पुरेसं आहे का, हे विचारायला गेला. मग गॉर्डीला फोन केला. (गॉर्डीने जागा बदलून बघ म्हणून सांगितलं.)

शनिवारी दुपारी व्हर्लिन शेजाऱ्याच्या वाटेवरचा बर्फ उपसून आला, तो ब्रिटा टाकीपुढे मांडी घालून बसलेली. पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगत होता आणि छत्रीवर लव फुटत होती.  व्हर्लिन बूट न काढताच तिच्याशेजारी बसला.

“हे आहे म्हणून तरी येतेस,” तो म्हणाला.

ब्रिटाने त्याच्याकडे बघितलं. “बाबा, माझ्या खोलीवर टाकी आहे. हे कधीच घेऊन गेले असते.”

“मग?”

“तुला बघत बसायला काहीतरी हवं होतं ना. नाहीतर तू मला बघत बसला असतास.” तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. “यायचं तर मी तशीही येते.”

थंडी वाजते का, हे व्हर्लिनने विचारलं नाही. पुढल्या सभेत त्याने ‘काही न करणे’ हा उपाय अधिकृत करावा, असा ठराव मांडला. तो कसा करायचा हे ठरवायला मंडळाने उपसमिती नेमली असून ती सध्या रोज भेटते.

आपल्याकडे टाक्या नाहीत, ही समाधानाची बाब आहे. आपल्याकडे प्रेम आहे. तेव्हा वाचकहो, मघाशी हे वाचता वाचता तुम्ही मध्येच फोन उचलून लेकीला ‘जेवलीस का?’ विचारलंत, त्यात गैर काहीच नाही. उत्तर आलं नाही म्हणून पाठोपाठ ‘जेवलीस ना?’ विचारलंत, तेही काळजीपोटीच. ती शेजारच्या खोलीत आहे, एवढंच.